आरसा, व्हीआर आणि ईईजी: पक्षाघातानंतरच्या एका उजव्या हाताचे प्रकरण

खालील प्रकरण एका विशिष्ट व्यक्तीचे नाही. पुनर्वसन विभागात वारंवार समोर येणाऱ्या परिस्थितीवरून ते प्रातिनिधिक म्हणून बांधले आहे. रुग्णाचे गुण आणि ईईजीचे, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीचे, आकडे उदाहरणादाखल आहेत. ज्या संशोधनाचा उल्लेख आहे ते मात्र प्रत्यक्ष झालेले आणि प्रसिद्ध झालेले आहे.

प्रश्न असा होता: आरसा लावल्यावर किंवा डोक्यावर व्हीआर (आभासी दृश्य दाखवणारा) हेडसेट चढवल्यावर मेंदूच्या इजा झालेल्या बाजूला जे ‘जागे’ झालेले दिसते, त्यावरून उपचार ठरवता येतो का? ईईजीचा रंगीत नकाशा पाहून नातेवाईक खूश होतात, थेरपिस्टही होतात. पण त्या रंगामागे काय मोजले आहे, हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर निर्णय सोपवणे धोक्याचे आहे.

रुग्ण आणि सुरुवातीची स्थिती

वय ५६, यंत्रमाग कामगार, उजवखोरा. डाव्या मेंदूच्या खोल भागात, इंटर्नल कॅप्सूलजवळ रक्तपुरवठा तुटून पक्षाघात. उपचार सुरू झाले तेव्हा सात आठवडे उलटले होते. बोलणे किंचित जड, पण समज पूर्ण. तीन टप्प्यांची सूचना बरोबर पाळत होते. रक्तदाब गोळ्यांवर आटोक्यात. आकडी आल्याचा इतिहास नाही. ही चौकशी हेडसेट लावण्याआधीच करायची असते, कारण लुकलुकणारी दृश्ये आकडीच्या रुग्णाला चालत नाहीत.

फ्युगल-मेयर मापनात, म्हणजे पक्षाघातानंतरची हालचाल तपासणाऱ्या चाचणीत, हाताचे गुण ६६ पैकी २२. खांदा बाजूला थोडा उचलता येत होता, कोपर वाकत होते, बोटे उघडताना मात्र नुसती हालचालीची चाहूल. बोटे मिटवणाऱ्या स्नायूंचा ताठरपणा सुधारित अ‍ॅशवर्थ श्रेणीत १+, म्हणजे सौम्य. डोळे मिटून अंगठा वर आहे की खाली, हे दहापैकी सहा वेळा बरोबर सांगत. खांद्याच्या सांध्यात एक बोट मावेल इतकी फट, त्यामुळे हात ओढून उचलायचा नाही, ही सूचना घरच्यांना पहिल्याच दिवशी दिली.

बोटे जवळजवळ उघडत नाहीत, म्हणजे निरोगी हाताला बांधून ठेवून कमजोर हाताकडून काम करून घेण्याची पद्धत इथे लागू होत नाही. अशा हातासाठी मिरर थेरपी, म्हणजे निरोगी हाताची हालचाल आरशात पाहून कमजोर हातच हलतोय असा भास देणे, हा रास्त पर्याय. व्ही. एस. रामचंद्रन आणि डायान रॉजर्स-रामचंद्रन यांनी १९९६ मध्ये तुटलेल्या अवयवाच्या भासावर आरशाच्या पेटीचा वापर मांडला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवरचा छोटा प्रयोग आला. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) ६२ अभ्यास आणि १९८२ रुग्ण होते, आणि हाताच्या हालचालीवर मध्यम दर्जाच्या पुराव्यासह फायदा दिसला. साधन साधे असले तरी पुरावा अगदीच किरकोळ नाही.

आरशाची मांडणी

आरसा ४५ × ६० सेंटिमीटर, लांब बाजू टेबलावर टेकलेली. अ‍ॅक्रिलिकचा घेतला तर फुटण्याची भीती नाही, पण पातळ अ‍ॅक्रिलिक वाकते आणि प्रतिमा लहरी दिसते. मागे प्लायवूड चिकटवावे लागते. टेबलाची उंची अशी की कोपर सुमारे ९० अंशांत टेकेल. आरसा छातीच्या मध्यरेषेत, चमकणारी बाजू निरोगी डाव्या हाताकडे. कमजोर उजवा हात आरशामागे, डाव्या हाताच्याच स्थितीत आणि मध्यरेषेपासून तितक्याच अंतरावर. हे अंतर मोजपट्टीने जुळवावे, नजरेने नाही. आरशातला हात जिथे दिसतो तिथेच खरा हात नसेल, तर भास धरत नाही.

पहिल्या सत्रात भास धरलाच नाही. ‘आरशातला हात माझाच वाटतो’ याला शून्य ते दहापैकी त्यांनी तीन दिले. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. डाव्या मनगटावर घड्याळ होते आणि उजव्या मनगटात देवळातून बांधून आणलेला लाल धागा. आरशात जो ‘उजवा’ हात दिसत होता त्याच्यावर घड्याळ होते आणि धागा नव्हता. घड्याळ काढले, डाव्या मनगटात तसाच लाल धागा तात्पुरता बांधला, डोक्यावरची ट्यूबलाइट दोन्ही हातांवर सारखी पडेल असे टेबल फिरवले. पुढच्या सत्रात गुण सातवर गेले. अंगठी, कडे, बांगड्या, मेंदी, गोंदण, एका नखाला लावलेले रंग, सगळ्यांची हीच गोष्ट. बायकांच्या बाबतीत बांगड्या उतरवायला सांगणे अवघड जाते. तिथे दोन्ही हातांत सारख्या बांगड्या असल्या की झाले.

क्रम असा ठेवला:

१. दोन मिनिटे हालचाल न करता फक्त पाहणे.
२. मनगट वर-खाली, तळवा पालथा-उताणा, बोटे उघडणे, अंगठा बोटांना लावणे. तीन सेकंदांना एक हालचाल.
३. वस्तू घेऊन: रुमालाची घडी, रिकामा स्टीलचा पेला, कपड्याचे चिमटे.

सत्र ३० मिनिटांचे, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. दर पाच मिनिटांनी एक मिनिट विश्रांती, कारण मान एकीकडे वळवून बसल्याने ती अवघडते. विश्रांती आणि वस्तू बदलण्याचा वेळ वजा जाता एका सत्रात ३०० च्या आसपास हालचाली होतात. पुनर्वसन केंद्रांचे निरीक्षण करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ निघाल्या होत्या. आरशातल्या आणि प्रत्यक्ष वस्तू हाताळण्याच्या हालचाली एका मापाने मोजता येत नाहीत हे खरे, पण नेहमीच्या सत्रात सराव किती तुटपुंजा होतो ते यावरून कळते.

ईईजी: काय मोजायचे, कशाशी तुलना करायची

हात हलवला, हलवायचे ठरवले किंवा दुसऱ्याचा हात हलताना पाहिला, की मेंदूतल्या हालचालीच्या पट्ट्यावरची (हालचाल चालवणाऱ्या भागावरची) ८ ते १३ हर्ट्झची म्यू लय मंदावते. तिची शक्ती घटणे म्हणजे तो भाग कामाला लागणे. डाव्या मेंदूसाठी सी३ आणि उजव्यासाठी सी४ हे डोक्यावर लावलेले इलेक्ट्रोड पाहतात. शेजारचे एफसी३, एफसी४, सीपी३, सीपी४ हवेतच. घटीची टक्केवारी काढण्यासाठी हालचालीवेळच्या शक्तीतून विश्रांतीची शक्ती वजा करून विश्रांतीच्या शक्तीने भागतात.

आता इथली मेख. या रुग्णाने आरशापुढे हलवला तो डावा हात. डावा हात हलला की उजव्या मेंदूचा सी४ तापणारच, आणि थोडेफार डाव्या मेंदूतही उमटते. म्हणून ‘विश्रांती विरुद्ध आरसा’ ही तुलना निरुपयोगी. तुलना हवी ती ‘तीच हालचाल, आरसा झाकलेला’ विरुद्ध ‘तीच हालचाल, आरसा उघडा’ अशी. आरशावर राखाडी कापड टाकायचे, नजर त्याच दिशेला ठेवायची, तालही तोच. चार सेकंद हालचाल, मग सहा ते आठ सेकंद विश्रांती. विश्रांतीची लांबी बदलती ठेवायची, नाहीतर मेंदू इशाऱ्याआधीच तयारीला लागतो. प्रत्येक स्थितीच्या ४० फेऱ्या घेतल्या. डोळ्यांची उघडझाप आणि जबड्याच्या स्नायूंनी बिघडलेल्या काढून तीसेक उरतात.

तयारीत सगळ्यात जास्त त्रास देते ते डोक्याचे तेल. आदल्या रात्री शॅम्पूने धुऊन, तेल न लावता यायला सांगितले नाही तर इलेक्ट्रोडचा रोध १० किलोओहमच्या खाली येतच नाही. उन्हाळ्यात घामाने नोंद संथपणे वर-खाली सरकते. पंखा लावावा तर वाऱ्याने तारा हलतात. एसी खोली नसेल तर सकाळी लवकरची वेळ बरी. शिवाय दोन्ही हातांच्या पुढच्या भागावर स्नायूंचे विद्युत संकेत मोजणारे ईएमजी इलेक्ट्रोड लावावेत. या प्रकरणात पुढे सगळे त्यांच्यावरच ठरले.

पहिल्या आठवड्याची नोंद अशी. विश्रांतीत सी३ वर म्यूची शक्ती ५.२ मायक्रोव्होल्ट वर्ग, सी४ वर १२.०. आरसा झाकून डावा हात हलवला: सी३ ४.५, म्हणजे १३ टक्के घट, सी४ ७.४, म्हणजे ३८ टक्के. आरसा उघडा: सी३ ४.०, घट २३ टक्के, सी४ ७.३, घट ३९ टक्के. म्हणजे आरशाचा परिणाम इजा झालेल्या बाजूलाच दिसला, अपेक्षेप्रमाणे.

पण टक्के बाजूला ठेवून मूळ आकडे पाहिले तर फरक अर्ध्या मायक्रोव्होल्ट वर्गाचा आहे. सी४ वर एवढाच फरक झाला असता तर तो चार टक्केच दिसला असता. इजा झालेल्या बाजूची मूळ लयच क्षीण असते, भाजक लहान असतो आणि टक्केवारी उगाच उड्या मारते. म्हणून दोन्ही बाजूंच्या टक्क्यांवरून ‘समतोल निर्देशांक’ काढणारा अहवाल हाती आला, की आधी विश्रांतीचे कच्चे आकडे मागावेत. ते देता येत नसतील तर त्या निर्देशांकाला किंमत देऊ नये.

व्हीआर: मोठा आकडा आणि त्याचे पितळ

दुसऱ्या आठवड्यापासून आरशाच्या जोडीला २० मिनिटे व्हीआर सुरू केले. हेडसेटवरचे कॅमेरे निरोगी डाव्या हाताचा मागोवा घेतात आणि दृश्यात उजवा हात हलतो, म्हणजे आरशाचीच उलट प्रतिमा, फक्त मान वळवावी लागत नाही. काम होते समोरच्या फळीवरचे चेंडू टोपलीत टाकण्याचे. हालचाल आणि चित्र यांतला विलंब साधारण १५० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की ‘मीच हलवतोय’ ही भावना पातळ होऊ लागते. बिनतारी जोडणी आणि जुना संगणक एकत्र आले की हे सहज घडते.

या नोंदीत सी३ वर घट ३६ टक्के आली, सी४ वर ४७. आरशाच्या २३ पुढे ३६. खोलीतल्या सगळ्यांना वाटले, व्हीआर जिंकले.

पण डोक्याच्या मागच्या भागातले ओ१ आणि ओ२ पाहिले तेव्हा तिथे घट ५५ टक्के होती. दृष्टीच्या भागातली अल्फा लयही ८ ते १३ हर्ट्झचीच. डोळ्यांपुढे रंगीत, हलते दृश्य आले की ती कोसळते आणि कवटीतून पसरून मधल्या इलेक्ट्रोडवरही उमटते. त्यात विश्रांतीचा संदर्भ हेडसेटशिवाय, भिंतीकडे पाहून घेतलेला असेल तर फरक आणखी फुगतो. उपाय दोन. विश्रांतीही हेडसेट लावून, त्याच दृश्यात, चेंडू स्थिर ठेवून घ्यायची. आणि शेजारच्या इलेक्ट्रोडची सरासरी वजा करून, म्हणजे लाप्लासियन लावून, फक्त त्या जागेचा संकेत वेगळा काढायचा. असे केल्यावर व्हीआरमध्ये सी३ ची घट २१ टक्के उरली आणि त्याच पद्धतीने पुन्हा मोजलेल्या आरशाची २० टक्के. दोघांत फरक नाही.

बीटा पट्टा, म्हणजे १३ ते ३० हर्ट्झ, व्हीआरच्या नोंदीत सोडूनच दिला. हेडसेटच्या वजनाने मान आणि जबडा आवळला जातो आणि स्नायूंचा आवाज २० हर्ट्झच्या वर सगळीकडे मिसळतो. हेडसेटचा वरचा पट्टा डोक्याच्या मध्यरेषेवरच्या एफझेड-सीझेड इलेक्ट्रोडवरून जातो, बाजूचे कानांवरच्या इलेक्ट्रोडवर दाबतात. डोके फिरवले की ते घासतात. पट्ट्याखाली फोमच्या चकत्या ठेवून थोडे भागते, पूर्ण नाही.

दुसऱ्या आठवड्यात सी३ का उसळले

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आरशाच्या सत्रात सी३ ची घट ४१ टक्के आली. अहवालात ही ‘उत्तम प्रगती’ म्हणून गेली असती. ईएमजीच्या पट्टीवर मात्र दिसले की डावा हात उघडत असताना आरशामागे उजव्या हाताची बोटे मिटवणारे स्नायू जोरात आवळले जात होते. आरशात उघडणारी बोटे, मागे वळणारी मूठ. आरसा बाजूला करून पाहिले तर अंगठा तळव्यात दाबला गेलेला, नखांच्या खुणाही उमटलेल्या.

म्हणजे सी३ खरोखर कामाला लागला होता, पण नको त्या कामाला. निरोगी हाताने जोर लावला की कमजोर हातात आपोआप उठणारा हा ताण लकव्याच्या रुग्णांत नेहमीचाच. ईईजीला मूठ उघडणे आणि मूठ आवळणे यांतला फरक कळत नाही. दोन्हींत म्यू घटते. चार आठवडे असेच चालले असते तर मूठ आवळण्याचा पक्का सराव झाला असता.

बदल केले ते असे. चिमटे बंद, कारण त्यांना जोर लागतो; त्याऐवजी पिसे आणि कागदाचे कपटे. ताल तीनऐवजी पाच सेकंदांना एक. उजव्या मनगटाखाली फोमची उतरती उशी, मनगट २० अंश वर, अंगठा बाहेर राहील असा मऊ पट्टा. सूचना बदलली: आधी ‘दोन्ही हात हलवायचा प्रयत्न करा’ म्हटले जात होते, ते आता ‘काका, उजव्या हाताने काही करू नका, नुसते उघडताना बघा’ असे झाले. ईएमजीचा आवाज स्पीकरवर सोडला. खरखर वाढली की थांबायचे. तीन दिवसांत मागचा ताण बराच उतरला आणि सी३ ची घट २६ टक्क्यांवर आली. आकडा खाली, उपचार मार्गावर.

ईएमजी नसेल तर? दर काही मिनिटांनी आरशामागे हात घालून अंगठा सैल आहे का ते चाचपावे. याला पैसे लागत नाहीत, तरी फार थोड्या ठिकाणी केले जाते.

मेंदूतला बदल म्हणजे नक्की कुठला

मिरर थेरपीत नेमके काय होते यावर एकमत नाही. नेदरलँड्समधील एरास्मस वैद्यकीय केंद्राच्या गटाने २०११ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी दाखवल्या, आणि त्या एकत्र वाचायला हव्यात. पहिलीत, एफएमआरआय यंत्रात (रक्तप्रवाहावरून मेंदूची क्रिया दाखवणारे यंत्र) आरशाचा भास देताना रुग्णांच्या हालचालीच्या पट्ट्यात जादा क्रिया दिसली नाही. दिसली ती प्रिक्युनियस आणि पोस्टीरिअर सिंग्युलेट या भागांत, जे स्वतःच्या शरीराची जाणीव आणि लक्ष यांच्याशी जोडलेले आहेत, तीही दोन्ही हात हलवताना. दुसरीत, जुन्या पक्षाघाताच्या ४० रुग्णांपैकी आरशाच्या गटाने सहा आठवडे घरी सराव केला. फ्युगल-मेयरमध्ये तुलनेच्या गटापेक्षा ३.६ गुणांचा फायदा झाला आणि हालचालीच्या पट्ट्यातला समतोल इजा झालेल्या बाजूकडे सरकला. सहा महिन्यांनी मात्र गुणांतला फायदा टिकला नव्हता.

म्हणजे सत्र चालू असताना जे दिसते ते बहुधा लक्ष आणि मालकीची जाणीव. हालचालीच्या पट्ट्यातला बदल आठवड्यांच्या सरावाने येतो. या प्रकरणातही सी३ ची घट वाचायची ती ‘रुग्ण आज आरशात आहे की खिडकीबाहेर’ एवढ्यासाठीच. ज्या दिवशी झोप झाली नव्हती त्या दिवशी आरसा उघडा-झाका फरकच पडला नाही. ते सत्र १५ मिनिटांत आटोपले. ईईजीचा इतका उपयोग झाला तरी पुष्कळ झाला.

व्हीआरबद्दल २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, ७२ चाचण्या धरून, नेहमीच्या उपचाराऐवजी व्हीआर दिले तर हाताला वेगळा फायदा आढळला नाही. नेहमीच्या उपचारात भर म्हणून दिले तेव्हा आढळला. याचा साधा अर्थ सरावाचा वेळ वाढला. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून व्हीआर आरशाची नक्कल म्हणून वापरणे बंद केले. त्याऐवजी उजवा हात टेबलावर टॉवेलवर ठेवून स्वतः सरकवायचा आणि पडद्यावरचा हात त्याच्या दीडपट सरकेल असे ठेवले. २० मिनिटांत १५० च्या आसपास पोहोचण्याच्या हालचाली होऊ लागल्या. इथे दोन अडचणी आल्या. मिटलेली मूठ कॅमेऱ्याला हात म्हणून ओळखूच येत नाही, मग मनगटाला पट्ट्याने कंट्रोलर बांधावा लागला. आणि चेंडू गाठण्याच्या नादात खांद्याऐवजी कंबर पुढे जाते; छातीवरून खुर्चीच्या पाठीला पट्टा बांधल्यावर खेळातले गुण घटले, पण कोपर उघडू लागले.

चार आठवड्यांनंतर

फ्युगल-मेयर २२ वरून ३१. मनगट १५ अंश वर उचलता येते, अंगठा, तर्जनी आणि मधले बोट १० अंश उघडते. अंगठ्याची जाणीव दहापैकी आठ. ठोकळे पेटीतून पेटीत टाकण्याच्या चाचणीत एका मिनिटात शून्यावरून चार. ताठरपणा तेवढाच.

नऊ गुणांचे श्रेय कोणाला? सात ते अकरा आठवडे हा काळ नैसर्गिक सुधारणेचाही असतो आणि नेहमीची फिजिओथेरपी चालूच होती. एका रुग्णावरून वाटणी करता येत नाही. सी३ च्या आकड्यांवरून तर नाहीच, कारण ते दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात जास्त होते आणि तेव्हाच हात चुकीचे शिकत होता.

निरोगी हात बांधून ठेवण्याच्या पद्धतीवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्साइट चाचणीत कमी क्षमतेच्या रुग्णांसाठी किमान निकष होता तो मनगट, अंगठा आणि आणखी दोन बोटे १० अंश उघडण्याचा. हा हात आता तिथे पोहोचला, म्हणून आरसा दिवसाला १० मिनिटांवर आणला, तोही फक्त बोटे उघडण्याच्या तयारीपुरता. उरलेला वेळ उजव्या हाताच्या प्रत्यक्ष कामाला: ताट धरून ठेवणे, नळ फिरवणे, सुताच्या रिकाम्या कांड्या उचलून टोपलीत ठेवणे. घरी मुलाने रोज वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: किती वेळ केले, अंगठा आत गेला का, खांदा दुखला का. खांदा दुखला तर त्या दिवशी टेबलावरचे सरकवणे बंद. दोन आठवड्यांनी फेरतपासणी, ईईजीशिवाय.